वैजयंतीबाईंच्या श्लोकाचा अर्थ

शहरातल्या शनवारा भागाच्या आसपास कसलाही कार्यक्रम असो, दुकानाचं उद्घाटन, वाचनालयाला दिलेल्या पंख्याचं लोकार्पण किंवा कुणाचा सत्कार, वैजयंतीबाई चौधरींचा श्लोक झाल्याशिवाय फीत कापली जात नसे. लोक हार विसरत, कात्री तर हमखास विसरत, पण बाईंना बोलावणं विसरत नसत. बाई मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज खणखणीत, साडी इस्त्रीची, आणि मानधन मागायचा प्रश्नच नाही. फुकटात एवढं पावित्र्य दुसरीकडे कुठे मिळणार?

बाईंनी माइक हातात घेतला की लोक उठून उभे राहत. पुरुष डोक्यावर रुमाल टाकत, बायका पदर घेत, पुढच्या रांगेतले पायातल्या चपला सरकवून ठेवत. सगळ्यांचे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले. संस्कृत आहे म्हणजे देवाचं आहे, आणि जुनं आहे म्हणजे ऋषींचं आहे, एवढा हिशेब तिथे प्रत्येकाचा पक्का होता.

आणि बाई काय म्हणत होत्या? तर समोर बसलेल्या पाहुण्यांची यथेच्छ टिंगल.

याची सुरुवात रागातून झाली होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वैशाखात एका सत्काराला पाहुणे तीन तास उशिरा आले. नाचाच्या पोशाखात बसवलेल्या लहान मुली घामाने भिजून पेंगल्या, पेढ्यांना मुंग्या लागल्या. बाईंचं डोकं तापलेलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एक अनुष्टुभ जुळवला. ज्याची वाट पाहताना मुली झोपतात आणि पेढे मुंग्यांना जातात, त्या सूर्याला नमस्कार असो, तो रोज उगवतो पण आपल्या सवडीने, असा त्याचा अर्थ. पाहुण्यांनी मान झुकवून तो ऐकला. शेवटी ‘नमः’ आलं तेव्हा समोरच्या घरातल्या गोदाबाई, ज्या लग्नकार्यात मांडे करून द्यायच्या, चटकन पुढे येऊन बाईंच्या पाया पडल्या. घरी येऊन बाई इतक्या हसल्या की वसंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, पाण्याचा पेला आणून द्यावा लागला.

मग ती सवयच झाली. केळीच्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात बाईंनी म्हटलं, धन्य तो भाव लिहिणारा लेखनिक, त्याची लेखणी चालली की नांगर न धरताही त्याच्याच घरी पीक येतं. व्यापाऱ्यांनी हात जोडले. एका रस्त्याच्या लोकार्पणाला त्यांनी म्हटलं, हा रस्ता मोक्षासारखा आहे, यावरून गेलेला सरळ वर जातो. ज्याने तो रस्ता केला होता त्याने बाईंना शाल दिली. सहा वर्षांत अशा शालींनी कपाटाचा एक खण भरला.

बाई हे नुसत्या खोडसाळपणाने करत होत्या असं कुणी समजू नये. त्यांना त्यात परंपरा दिसत होती आणि ती खरीही होती. वर्गात त्या मुलींना नेहमी सांगत की जुन्या संस्कृत नाटकांत लाच खाणारा न्यायाधीश आहे, दारू पिऊन उपदेश करणारा साधू आहे, राजाच्या पैशाने फुगलेला मेहुणा आहे, आणि हे सगळं राजाच्या देखत, त्याच्याच दरबारात खेळलं जायचं. दुसरीकडे त्याच भाषेत राज्य कसं चालावं याचं शास्त्र आहे. राजा नसला तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. प्रजेने पिकाचा सहावा हिस्सा द्यायचा तो राखणीची मजुरी म्हणून. राखण न करता हिस्सा घेणारा तो राजा नव्हे, चोर. बाई म्हणायच्या, “हसणारा आणि शास्त्र सांगणारा, दोघं एकाच घरातले गं. न्याय कसा असावा हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच खोट्या न्यायाधीशाचं हसू येतं.”

एवढं सगळं ठीक होतं. फक्त त्या जुन्या राजाला संस्कृत समजत होतं. बाईंचं गाडं इथे अडत होतं, आणि ते त्यांना कळतही होतं. वसंतराव पोस्टातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते एकदा म्हणाले, “कोणाले समजत नाही तवर तू लई शूर आहे.” त्या दिवशी बाई त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

पण समजणारं एक माणूस होतं. दापोऱ्याच्या कौतिक पाटलांची मनीषा. बाप केळी लावायचा, पोरगी रोज सायकलने शाळेत यायची. अकरावीला गणिताबरोबर भाषा म्हणून तिने संस्कृत घेतलं आणि दोन वर्षांत अशी तयार झाली की बाई तिच्याशी वाद घालू लागल्या. पुढे ती इंजिनिअर झाली आणि तापीतीर जलसेवा संघात नोकरीला लागली. शनवाऱ्याच्या मागे जी नवी वसाहत झाली, जिथे बाईंचंही घर होतं, तिला पाणी पुरवायचं काम या संघाकडे. कार्यक्रमाला मनीषा तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभी असायची. सगळे डोळे मिटून उभे असताना ती मान खाली घालायची आणि तिचे खांदे हलायचे. बाई माइकवरून तेवढेच खांदे बघायच्या. खरं सांगायचं तर पाच वर्षं त्या एकाच श्रोत्यासाठी लिहीत होत्या.

मग टाकीचं प्रकरण आलं.

संघाने वसाहतीत पाण्याची उंच टाकी बांधायला घेतली. संघाचे अध्यक्ष अनंत भैयाजी, आणि ठेका त्यांच्या मेहुण्याकडे, गोटूशेठकडे. एप्रिलच्या सतरा तारखेला टाकी भरून बघितली तेव्हा बुडातून पाणी सुटलं आणि दोन दिवस सुटतच राहिलं. गल्लीतल्या बायकांनी त्या धारेवर बादल्या भरल्या. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या वसाहतीत कोण सोडतं? बाईंनीही सहा बादल्या भरल्या, गोदाबाईंनी मांड्यांच्या पिठासाठी ठेवलेलं मोठं पातेलंसुद्धा भरलं. मनीषाने टाकी पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करायला नकार दिला.

गोटूशेठने बाहेरून नवा गिलावा मारला, निळा रंग दिला, वर कमळ काढलं. मनीषा म्हणाली, पुन्हा भरून दाखवा. कुणी भरली नाही. त्याऐवजी तिलाच नोटीस आली. जाणूनबुजून कामाला उशीर केला, संघाची बदनामी केली, टाकी गळत असल्याची खोटी नोंद केली. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी लोकार्पण, आणि त्याच मांडवात लगेच सभासदांची सभा. सभेपुढे ठराव एकच, मनीषाला कामावरून काढण्याचा.

संघाच्या नियमात एक वाट होती. दोन सभासदांनी लेखी साक्ष दिली तर असा ठराव मताला टाकता येत नव्हता, आधी बाहेरच्या माणसाकडून तपासणी करावी लागे. दोन सभासद हवे होते. टाकी गळताना चाळीस घरांनी पाहिली होती, आणि प्रत्येक घरात एक सभासद होता.

मनीषा दारोदार फिरली. कुणाच्या मुलाची नोकरी भैयाजींच्या ओळखीची, कुणाचं नळजोडणीचं काम अडलेलं. एकाला तर त्या दिवशी आपण बाहेरगावी, खकनारला होतो असं आठवलं, जरी बादली धरून उभा असलेला त्याला सगळ्यांनी बघितलं होतं. गोदाबाईंनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मले काय समजते माय त्यातलं. मी आपली मांडे करणारी बाई.”

बाईंकडे ती सगळ्यात शेवटी आली. बाईंना वाटत होतं, आपल्याकडे ती पहिल्यांदा येईल. तिने तसं का केलं नसेल याचा विचार करायला त्यांना आवडत नव्हतं. ती आली तेव्हा बाई लोकार्पणाच्या श्लोकाची जुळणी करत होत्या. बोलावणं आलेलं होतंच. त्यांनी उत्साहाने सांगायला सुरुवात केली की या वेळी असा श्लोक करते की भैयाजींच्या सात पिढ्या आठवतील.

मनीषा दारातच उभी राहिली. म्हणाली, “बाई, यावेळी श्लोक नका करू. मले हसू नाही येणार.”

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

“तुमचं संस्कृत मले समजते. पण मले आता साक्षीदार पाहिजे. दोन पाहिजेत, एकही नाही मिळाला.”

बाई म्हणाल्या, विचार करते. मनीषा म्हणाली, करा, आणि उन्हात निघून गेली. तिच्या बोलण्यात रागही नव्हता, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

आता विचार करण्यासारखं काय होतं? सभेत बसून जो गप्प राहतो तोही खोटं बोलणाऱ्याइतकाच दोषी, हे जुन्या शास्त्रकारांचं मत बाईंनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. परीक्षेत ते चार मार्कांना यायचं. पण फळ्यावर लिहिणं वेगळं. बाई घाबरल्या होत्या. भैयाजी वाईट बोलणारा माणूस नव्हता, तो गोड बोलून दार बंद करणारा होता. चौसष्टाव्या वर्षी गल्लीत कुणी बोलेनासं झालं, पाण्याची लाइन नेमकी आपल्याच घरापाशी बिघडली, तर? आणि शाली, नमस्कार, समोर उभे राहणारे ते लोक. ते सगळं जाईल याचीही भीती होती. हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

वसंतरावांना त्यांनी विचारलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “मी सभासद नाही. सभासद तू आहे. मी काय सांगू?” आणि पान उलटून, “पाणी नाही आलं तर मी आणीन दुसरीकडून.” पोस्टातल्या माणसाचं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

रविवारी पहाटे सहाला बाईंनी श्लोक केला. आदली सगळी जुळणी फाडून टाकली आणि नवाच केला.

मांडव टाकीच्या खालीच घातला होता. दहाची वेळ होती, भैयाजी साडेअकराला आले. पांढरा सदरा, हसरा चेहरा, येताना प्रत्येकाच्या मुलाबाळांची चौकशी. गोटूशेठ पेढ्यांचा डबा घेऊन मागे. मनीषा मांडवाच्या कडेला एका खुर्चीवर बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बाईंचं नाव पुकारलं गेलं. लोक उठले. रुमाल डोक्यावर आले, चपला निघाल्या, डोळे मिटले. बाईंनी म्हटलं,

रिक्तः कुम्भो महान् राज्ञः पुष्पमालाविभूषितः ।
जलं पिबति भूमिस्तु राजा कीर्तिं तृषं प्रजाः ॥

सवयीने त्यांनी मनीषाकडे बघितलं. ती सरळ त्यांच्याकडे बघत होती, आणि सांगितल्याप्रमाणे हसत नव्हती.

लोक खाली बसू लागले तेव्हा बाई माइकपाशीच थांबल्या. म्हणाल्या, आज याचा अर्थही सांगते. हे कधी झालं नव्हतं. भैयाजींनी हात पुढे करून मोठ्या मनाने परवानगी दिली. “ज़रूर मैडम जी, ज़रूर. ज्ञान की बात है.”

बाईंनी अर्थ सांगितला. राजाचा घडा मोठा आहे, फुलांच्या माळांनी सजवलेला आहे आणि रिकामा आहे. पाणी पिते जमीन, राजा पितो कीर्ती, आणि प्रजा पिते तहान. त्यांनी तो एकदा मराठीत सांगितला, एकदा हिंदीत सांगितला. आता काय होतंय याची त्या वाट बघत राहिल्या.

भैयाजींनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. “वाह,” भैयाजी म्हणाले, “पुराने ज़माने में ऐसे ही राजा होते थे. प्रजा को पूछता कौन था? आज अपना लोकतंत्र है, देखिए, घर-घर पानी आ रहा है.” आणि त्यांनी वर निळ्या टाकीकडे बोट केलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की आपल्या पूर्वजांनी सगळं लिहून ठेवलंय. हात अजून जोडलेलेच होते.

बाई खाली बसू शकल्या असत्या. एकदा नाही, तीनदा सांगून झालं होतं. त्या कुणाला खोटं बोलल्या नव्हत्या, गप्पही राहिल्या नव्हत्या. शास्त्राच्या नजरेतून कदाचित सुटल्याही असत्या. टाळ्या चालू होत्या आणि शाल घेऊन एक मुलगी येत होती. बाईंच्या मनात येऊन गेलं की आपण सहा वर्षं हेच करत आलो, बोलायचं पण लागणार नाही असं.

त्या माइकमध्ये म्हणाल्या, “हा श्लोक जुना नाही. आज सकाळी सहा वाजता मी केला. हा घडा म्हणजे ही टाकी.”

टाळ्या एकेक करून थांबल्या.

“सतरा आणि अठरा एप्रिलला टाकी भरली होती आणि खालून गळत होती. मी त्या पाण्याच्या सहा बादल्या भरल्या. मनीषाने खरं लिहिलं म्हणून तिला काढताय. मी लेखी साक्ष देते.”

पुढचे शब्द माइकमधून आले नाहीत. गोटूशेठने वायर काढली होती. पण बाई शाळेत पन्नास मुलींना शिकवणाऱ्या, त्यांना माइक कधी लागलाच नव्हता. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि ते मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. जोडलेले हात हळूहळू सुटे झाले. लोकांना ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. शाल घेतलेली मुलगी अर्ध्या वाटेवर उभी राहिली आणि मग आईकडे परत गेली.

भैयाजींचं हसू तसंच होतं. ते मऊ आवाजात म्हणाले की मैडमजींची तबियत ठीक दिसत नाही, ऊनही फार आहे. आणि दुसरं असं की मनीषा त्यांची शिष्या आहे, माया असणारच, त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये. नियम मात्र नियम आहे. साक्षीदार दोन लागतात, ही एक झाली. सभेला सुरुवात करू या.

बाई टेबलापाशी बसल्या आणि कागद मागितला. सचिवाने भैयाजींकडे बघून मग दिला. बाईंनी लिहायला घेतलं. साधं मराठी होतं, कधी, कुठे, काय पाहिलं. त्यात वृत्त नव्हतं, अलंकार नव्हता. चार ओळींना त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा कधी चार श्लोकांना लागला नव्हता. खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, घर नंबर लिहिला, तारीख घातली आणि सही केली. सहा वर्षांत एकाही श्लोकाखाली त्यांनी नाव घातलं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

सचिव ठराव वाचू लागला. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं तो म्हणाला. मांडवात कुणी खोकलं. दोन-चार हात अर्धवट उठले. मनीषाने मांडीवरची पिशवी उचलून खांद्याला लावली होती, निघायच्या तयारीने.

बायकांच्या बाजूने एक खुर्ची मागे सरकली. गोदाबाई उठल्या. पदर डोक्यावरून सारखा करून त्या वाकत वाकत, लोकांच्या पायांतून वाट काढत टेबलापाशी आल्या. बाईंना वाटलं, त्या नेहमीप्रमाणे पाया पडणार, आणि या क्षणी त्यांना ते नकोसं झालं. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले.

गोदाबाई वाकल्या नाहीत. त्यांनी भैयाजींकडे बघितलं नाही की गोटूशेठकडे बघितलं नाही. टेबलावर हात टेकून त्या म्हणाल्या, “इतके वर्सं मी तुमच्या पाया पडत होती बाई, समजत काहीच नव्हतं. आज समजलं.”

मग कागदाकडे हात करून त्यांनी विचारलं, “मी कुठी सही करू?”

बाईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि आपल्या नावाखालच्या जागेवर बोट ठेवलं.